बरं दिसायची तालीम

आमच्या सासूबाई कधी स्टेजवर चढल्या नाहीत, पण नाटकं इतकी पाहिली की विचारू नका. जन्मभर नाट्यगृहात नोकरी केली त्यांनी. अंधार झाला की हातात बॅटरी घ्यायची आणि उशिरा येणाऱ्यांना त्यांची खुर्ची दाखवायची, हे काम. एकेक नाटक शंभर वेळा उभ्यानं बघितलेलं, तेही फुकट. गल्लीत अजून त्यांना बॅटरीआजी म्हणतात. भांडायला उभ्या राहिल्या की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आणि समोरचा माणूस मुद्दा सोडून त्यांच्याकडे बघतच राहायचा.

मग त्यांचं डोकं हळूहळू दगा द्यायला लागलं. गॅस पेटता ठेवून झोपायच्या. दार सताड उघडं टाकून निघून जायच्या. एकदा भर थंडीत अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या, दुकानदारानं हाताला धरून आणून सोडलं. पण गंमत अशी की चार माणसं समोर बसली की बाई एकदम ताठ. गप्पा अशा मारायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, ही सूनच उगाच बोंब मारतेय.

घरात तेव्हा मी. नवरा गोदामात पाळीनं कामाला जायचा, आणि आईला बघायचं म्हणजे बायकोनं बघायचं, हे तर त्यानं जन्मतःच गृहीत धरलेलं. वाईट नाही हो तो. शिव्या देत नाही, हात उगारत नाही, सांगितलं तर भांडी पण घासतो. पण सांगावं लागतं. मी लग्नाआधी दप्तरांच्या कारखान्यात मशीनवर होते, जाड कापडाच्या, आणि चांगली होते. ते सगळं बासनात गुंडाळून ठेवलेलं.

तेवढ्यात आमच्या भागात सरकारनं केंद्र काढलं. म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळायचं केंद्र. सकाळी गाडी यायची, संध्याकाळी घरी आणून सोडायची. आत पगारी बायका, रीतसर शिकवून तयार केलेल्या. माझी शेजारीणच तिथे लागली, जिचं आणि माझं मागचं अंगण एक आहे ती. त्याआधी ती लोकांची धुणी धुवायची. पहिला पगार झाला त्या दिवशी माझ्या घरी आली आणि नुसतीच बसून राहिली. म्हणाली, "अगं, मी आयुष्यभर हेच करत आले, आधी सासरा, मग आई. याचे पैसे मिळतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

केंद्रात जागा मिळायची तर तपासणी होती. कार्यालयातून एक तपासनीस बाई घरी येणार, म्हाताऱ्या माणसाला प्रश्न विचारणार, आणि खरोखर गरज आहे असं वाटलं तरच नाव लागणार. आमचं घोडं तिथेच अडलं. पाहुणा दिसला की आमची बाई ताठ. मी एक दिवस सरळ त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आई, तुम्ही शहाण्यासारखं बोललात तर मी या घरातून कधीच बाहेर पडणार नाही."

 त्या दिवशी त्यांचं डोकं जाग्यावर होतं. म्हणाल्या, "तुला कामावर जायचंय?"

"जायचंय."

"मग एवढंच ना. करू की."

आणि तालीम सुरू झाली. मी शिकवणार होते, ते राहिलं बाजूला, त्यांनीच मला शिकवलं. तू रडायचं नाहीस, म्हणाल्या, रडलीस की लोकांना खोटं वाटतं. फक्त आवाज कापरा ठेव. मी चुकीचं बोलले की तू म्हणायचं, 'आई, अहो नीट बघा ना, खरं सांगा.' आणि मी जास्तच बिथरणार. मग तू हात चोळत गप्प बसायचं. माझं वाक्य त्यांनी माझ्याकडून किती वेळा म्हणून घेतलं. प्रत्येक वेळी काहीतरी कमीच पडायचं.

तपासनीस बाई आल्या. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या, नाकावर तीळ. नवऱ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "आजी, हे कोण?" सासूबाईंनी पोटच्या पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हा? हा गटार काढायला आलाय. सकाळपासून नुसता उभा आहे." मी माझं वाक्य टाकलं. त्या बिथरल्या. तपासनीस बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नवरा पुढे आठवडाभर रुसून बसला होता. आपल्या आईला गटारवालाच का सुचावा, याचं उत्तर त्याला काही मिळालं नाही.

खोटं बोललो का? बोललो. परत वेळ आली तर परत बोलेन. गॅस खरा होता, थंडीतला रस्ता खरा होता. फक्त आजार तपासणीच्या वेळी हजर राहत नव्हता.

मग जे दिवस आले ते मी कसे सांगू. सकाळी गाडीचा हॉर्न वाजला की सासूबाई पिशवी घेऊन दारात, आणि मी त्यांच्या मागोमाग कारखान्यात. हात सगळं विसरला असेल अशी भीती होती, पण हात काही विसरत नाही. दप्तराचा पट्टा जिथे पाठीला जोडतात तिथे चौकोनी शिलाई मारून आत फुली काढावी लागते, नाहीतर पुस्तकांच्या ओझ्यानं पट्टा मुळासकट निघतो. ती फुली माझ्याइतकी सरळ कुणाची येत नव्हती. वर्षभरात मला तपासणीच्या टेबलावर बसवलं. प्रत्येक पट्टा ओढून बघायचा, कच्चा निघाला की परत पाठवायचा. लोक मला घाबरायला लागले. मला ते फार आवडलं.

आणि मी एकटी नव्हते. आमच्या गल्लीतून सकाळी बायकांची रांग निघायची. कुणाची आई केंद्रात, कुणाचा सासरा, कुणाची आंधळी मावशी. इतक्या बायका कामाला मिळतात म्हटल्यावर कारखान्यानं दुसरी लाइन टाकली. कोपऱ्यावर एकीनं तयार जेवणाची गाडी लावली, कारण आता विकत घेणाऱ्या बायका होत्या. चपलांचं दुकान आलं. एका केंद्रामुळे एवढं होतं हे मला कुणी पुस्तकातून सांगितलं असतं तर मी हसले असते, पण मी त्या रस्त्यानं रोज चालत होते.

सासूबाईंचंही बरं चाललं होतं. तिथे त्यांना प्रेक्षक मिळाले. संध्याकाळी घरी आल्या की मला विचारायच्या, "आज किती पट्टे फाडलेस?" आणि मी सांगायची.

पण आजार काही केंद्रात जातो म्हणून थांबत नाही. दोन-तीन वर्षांत त्या खरंच खचल्या. कधी गाउनची बटणं उलटी, कधी घास हातातच. केंद्रातल्या बायका सांभाळून घ्यायच्या. शेजारीण तर त्यांना सख्ख्या आईसारखं जपायची. म्हणायची, "तू बिनघोर जा गं. मी आहे ना."

मग वर कुठेतरी कुणीतरी ठरवलं की खर्च फार होतोय. केंद्रातल्या निम्म्या बायका काढल्या. शेजारीण त्यातच गेली. एके दिवशी परत आली आणि माझ्या पायरीवर बसली, पहिल्या पगाराच्या दिवशी बसली होती तशीच. उरलेल्या बायकांना एवढी माणसं झेपेनात, म्हणून नवीन नियम आला. ज्याला भरवावं लागतं, ज्याला धरून न्यावं लागतं, जो घरच्या माणसांना ओळखत नाही, त्याला केंद्रात ठेवायचं नाही. सगळ्यांची नव्यानं तपासणी. म्हणजे सांभाळायचं कुणाला, तर ज्याला सांभाळावं लागत नाही त्याला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. बरं, जास्त आजारी माणसांसाठी दुसरी जागा कुठे, असं मी कार्यालयात जाऊन विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "घरी. घरासारखी माया कुठेच नाही." मी म्हटलं, "तुमच्या घरी ती माया कोण करतं?" तो म्हणाला, "मिसेस आहे ना." आणि वर हसला.

खासगी जागा होत्या, पण त्यांच्या दारातून आत डोकवायची आमची ऐपत नव्हती. नवरा नुसता म्हणाला, "बघ काय करता येतं ते." बघ. मी बघायचं.

तर परत तालीम. आता उलटी. आता बरं दिसायचं होतं.

रोज कारखान्यातून आले की चहा झाल्यावर आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. "आई, आज वार कोणता?" "आई, हा कोण?" "उठा, दारापर्यंत जा आणि परत या. भिंतीला हात लावायचा नाही." चमचा तोंडापर्यंत न सांडता न्यायचा. बटणं वरून खाली लावायची, पहिलं पहिल्यात. कधी सगळं जमायचं, कधी पालथ्या घड्यावर पाणी. कधी चिडून चमचा फेकायच्या. मी पण चिडायची. एकदा मी ओरडले, "आई, माझी नोकरी जाईल हो." त्या दचकल्या. मग पुढे कितीतरी वेळ त्या माझ्या हाताची बोटं एकेक करून चोळत बसल्या, सुई टोचलेल्या लहान पोरीची चोळावीत तशी. त्यांना काय कळलं होतं, काय नाही, देव जाणे. पण नोकरी हा शब्द मात्र आत कुठेतरी जाऊन बसला होता. तो त्यांनी धरून ठेवला.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्या इतक्या चांगल्या होत्या की मला विश्वास बसेना. स्वतः तोंड धुतलं. वार बरोबर सांगितला. नवऱ्याला नावानं हाक मारून म्हणाल्या, "दाढी कर, बाहेरची माणसं यायचीत." नवऱ्याचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, जमलं. आज कारखान्यातून अर्धा दिवसच रजा घेतली ते बरं केलं, दुपारी टेबलावर असेन.

दारावर थाप पडली. मी उघडलं. तीच तपासनीस बाई. तोच हळू आवाज, तोच नाकावरचा तीळ. केस तेवढे पिकले होते.

सासूबाईंनी मान वर केली. त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ओळखलं. पोटच्या पोराला महिन्यातून निम्मे दिवस न ओळखणाऱ्या बाईनं, एकदाच घरी आलेल्या माणसाला ओळखलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी एक डोळा मिचकावला.



"आजी, कशा आहात? हे कोण आहेत, सांगाल का?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा? हा गटार काढायला आलाय. सकाळपासून नुसता उभा आहे."

"आई," मी म्हटलं, "अहो नीट बघा ना, खरं सांगा."

माझ्या तोंडून शब्द गेले आणि मला कळलं मी काय केलं ते. आवाज कापत होता, आणि या वेळी मला तो मुद्दाम कापरा करावा लागला नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं, जणू शेवटी जमलं एकदाचं पोरीला. आणि त्या बिथरल्या. टेबल ढकललं. चालून दाखवा म्हटल्यावर दोन पावलांत जमिनीवर बसल्या आणि उठेनात. चमचा दिला तर कानाला लावला. असं काम केलं त्यांनी की मी नाट्यगृहात असते तर उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. मी मध्ये पडले, हात धरले, अक्षरशः गयावया केली. जितकी मी गयावया केली तितका त्यांचा रंग चढत गेला.

शेवटी मी तपासनीस बाईंना म्हटलं, "नाटक करतायत त्या. खरंच. सकाळी वार सांगितला त्यांनी."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सगळ्याच घरांत असं म्हणतात हो," त्या म्हणाल्या. "मी समजू शकते."

मी काय सांगणार? की मागच्या वेळी पण नाटकच होतं? तेही सांगितलं. तोंडात आलं ते सगळं बाहेर काढलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी दया आली की मी बोलायची थांबले. नवरा भिंतीला टेकून उभा होता, खरंच गटार काढायला आल्यासारखा.

त्या गेल्यावर सासूबाई स्वतःच्या पायांनी उठल्या, खुर्चीवर बसल्या. दमल्या होत्या, पण खुशीत होत्या. म्हणाल्या, "कसं झालं? आता तू बिनधास्त कामावर जा."

  माझा संताप त्यांच्यावर नव्हताच. पण तो संताप घेऊन जावं कुठे, हेही मला कळत नव्हतं, म्हणून मी मोरीत जाऊन बादली आपटली. ती फुटली. नवीन आणावी लागली.

नोकरी कुणी सोडायची हा प्रश्न घरात निघालाच नाही. माझा पगार नवऱ्याच्या पगाराला तोडीस तोड होता, तरी निघाला नाही. मी वाट बघितली. दोन रात्री वाट बघितली की हा माणूस तोंड उघडून एकदा तरी विचारेल. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "कारखान्यात सांगितलंस का?"

सांगितलं. सुपरवायझर भला माणूस, म्हणाला, तुझी जागा थोडे दिवस धरून ठेवतो. पण माझ्यासारख्या एकामागून एक किती आल्या त्याच्याकडे. शेवटी त्यांनी दुसरी लाइनच बंद केली. मशीनवर कापड टाकून ठेवलंय म्हणे. गल्लीतून सकाळी निघणारी रांग आटत गेली. जेवणाची गाडी गेली. कामं कुठे गेली नाहीत हो, म्हातारी माणसं काय हवेत विरली नाहीत. प्रत्येक दाराआड एकेक बाई तेच करतेय जे केंद्रात पगार घेऊन करायच्या. पगार तेवढा गेला. वर म्हणे बचत झाली.

पण माझं दुखणं एवढ्यावर संपलं नाही. सकाळी उजाडलं की सासूबाई मला बघून घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. "अगं, तू अजून घरात? गेली नाहीस? काढलं का तुला?" मी सांगायची, आज सुट्टी आहे. त्यांना पटायचं नाही. घास गिळायच्या नाहीत, दारापाशी जाऊन मला बाहेर ढकलायच्या. "जा, उशीर होईल. मी एवढं केलं ते कशासाठी?" एकदा ढकलताना स्वतःच पडल्या.

मग शेजारणीनंच तोड काढली. ती म्हणाली, "तू जा ना मग कामावर."

आता मी रोज सकाळी कारखान्यातला निळा एप्रन घालते, पिशवी घेते, "येते हं आई" म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडते. गल्लीला वळसा घालते. शेजारणीच्या घरातून मागच्या अंगणात येते, एप्रन तिच्या दोरीवर टाकते, केसांना रुमाल बांधते, आणि मागच्या दारानं आत येऊन म्हणते, "नमस्कार आजी, मी केंद्रातून आले." त्या शांत होतात. माझ्या हातून जेवतात. सून म्हणून मी भरवलं तर तोंड फिरवायच्या, केंद्रातल्या बाईकडून मुकाट खातात. संध्याकाळी केंद्रातली बाई मागून जाते आणि सून पुढून येते. नवरा म्हणाला, वेडेपणा आहे हा. मी म्हटलं, तुला जमतोय का बघ एक दिवस. 

केंद्रातल्या बाईशी त्या फार बोलतात. सुनेचं कौतुक सांगतात. जन्मात मला तोंडावर कधी सांगितलं नाही ते सगळं. "माझी सून पट्टे ओढून बघते. साहेब लोकांचा माल परत पाठवते. तिला घाबरतात." मी त्यांची नखं काढत असते आणि ऐकत असते.

परवा दुपारी मी त्यांना भरवत होते. त्यांनी मध्येच माझं मनगट धरलं. माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागल्या. मला वाटलं, ओळखलं.

"तू सगळा दिवस इथे असतेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी कुणी म्हातारं माणूस नाही?"

"आहेत ना. सासू आहेत."

"त्यांना कोण बघतं?"

"मीच."

"म्हणजे इथे पण तू आणि तिथे पण तू?"

"हो."

त्यांनी घास चावून गिळला. विचार करत होत्या. "पगार वेळेवर देतात ना?"

काय सुचलं मला कुणास ठाऊक, खोटं बोलायची एवढी सवय झालेली असून खरं बोलून गेले. "नाही आजी. पगार नाही देत."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग तू केंद्रातली कसली?" त्या म्हणाल्या. "तू कुणाची तरी सून असणार."

मी चमचा ताटलीत ठेवला. त्यांनी माझा हात सोडला नाही. उलट जवळ ओढला, आणि आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाल्या, "काळजी करू नकोस. माझी सून मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला सांगते, ती लावून देईल तुला कुठेतरी."

मला वाटलं, विसरतील. एरवी पाणी प्यायलेलं विसरतात. संध्याकाळी मी मागच्या दारानं गेले, रुमाल सोडला, एप्रन चढवला, वळसा घालून पुढच्या दारानं आत आले. त्या खुर्चीत माझी वाटच बघत होत्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "ती केंद्रातली पोरगी आहे ना. हुशार आहे गं. वाया चाललीय. तुझ्या कारखान्यात बघ ना काही तिच्यासाठी."

"बघते," मी म्हटलं.

"नुसतं बघते नको. उद्याच विचार."

"उद्या विचारते, आई," मी म्हटलं, आणि चपला काढून त्यांच्या रात्रीच्या जेवणाकडे वळले.